गुरू धूसर का दिसतो? किनाऱ्यावरून ग्रह टिपताना फोकस आणि एक्स्पोजर

लॅपटॉपच्या पडद्यावर गुरू धूसर दिसायला लागला की हात आपसूक फोकसच्या गुंडीकडे जातो. कोकणात चांगल्या रात्री वाया जातात त्या बहुतेक इथेच. धूसरपणाची कारणं पाच आहेत आणि गुंडीने सुटणारं त्यांतलं एकच. फोकस सुटलेला असेल, दुय्यम आरशावर दंव धरलं असेल, हवा उकळत असेल, कोलिमेशन (आरशांची एका रेषेतली जुळणी) हललं असेल, नाहीतर ग्रह क्षितिजाच्या इतका जवळ असेल की वातावरणच त्याचे रंग फाकवत असेल. आधी कारण ओळखा, मग हात लावा. ते जमलं की फोकस आणि एक्स्पोजर दहा मिनिटांत बसतात.

खालचे आकडे एका ठरावीक जोडणीसाठी आहेत: ८ इंची (२०३ मिमी) न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण), एफ/६, म्हणजे १२०० मिमी फोकल लेंग्थ, त्यावर ती दुप्पट करणारी बार्लो (जादा भिंग), आणि २.९ मायक्रॉन पिक्सेलचा रंगीत प्लॅनेटरी कॅमेरा, उदाहरणार्थ झेडडब्ल्यूओचा एएसआय ४६२. तुमची जोडणी वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

जागा आणि वेळ

पुळणीवर दुर्बीण मांडायचा मोह टाळा. वाळूत ट्रायपॉडचे पाय रात्रभर रुतत राहतात आणि उडणारा खार आरशावर बसतो. त्यापेक्षा वाडीतली मातीची किंवा गवताची मोकळी जागा बरी. कातळसडा आकाशासाठी उत्तम दिसतो, पण दिवसभर तापलेला जांभा दहा-अकरा वाजेपर्यंत उष्णता सोडत असतो. सिमेंटचं अंगण आणि स्लॅबची गच्ची त्याहून वाईट. ग्रह ज्या दिशेला आहे त्या दिशेला शेजाऱ्याचं पत्र्याचं छप्पर किंवा चुलीचा धूर नको. जमीन भुसभुशीत असेल तर प्रत्येक पायाखाली एकेक चिरा ठेवा. डॉब्सोनियन (तळपाटावर हाताने फिरवायची दुर्बीण) असेल तर तळपाटाच्या तिन्ही पायांखाली समपातळीत ठेवा.

संध्याकाळचा खारा वारा पडल्यावर आणि मतलई सुटण्याआधी हवा काही काळ थांबते. हा वेळ मोहाचा असतो, पण जमीन अजून गरम असते. मध्यरात्रीनंतरचे तास सहसा अधिक भरवशाचे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून वाहणारा जेट प्रवाह कोकणाच्या बराच उत्तरेला असतो. त्यामुळे इथली वरची हवा दिल्ली-जयपूरपेक्षा पुष्कळदा शांत असते आणि त्रास होतो तो जमिनीलगतच्या हवेचा. तो त्रास जागा बदलून कमी करता येतो. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून भाजावळीचा धूर आणि दमट धुरकटपणा वाढत जातो. आंब्याच्या बागेत दुर्बीण मांडत असाल तर फवारणीच्या दिवशी झाकण उघडूच नका, औषधाचा तुषार आरशावर बसला की सहज निघत नाही.

दुर्बीण तासभर आधी बाहेर काढा. किनाऱ्यावर रात्रीचा पारा पुण्या-नाशिकसारखा झपाट्याने उतरत नाही, त्यामुळे जाड आरसाही हवेच्या तापमानाला लवकर येतो. मात्र एसीच्या खोलीतून काढलेली दुर्बीण बाहेर आणताक्षणी घामाघूम होते. ती एसीत ठेवायचीच नाही.

किती मोठं करायचं

सोपा हिशेब: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला ५ ने गुणा, तेवढा फोकल रेशो (एफ/ नंतरचा आकडा). हवा सुमार असेल तर ५ ऐवजी ३ किंवा ४. २.९ मायक्रॉनला हे एफ/९ ते एफ/१४.५ इतकं येतं, म्हणून एफ/६ च्या नळीला दुप्पट बार्लो बरोबर बसते. ३.७५ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला एफ/१५ च्या पुढे जायला हरकत नाही. २ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला एफ/१० ची श्मिट-कॅसेग्रेन (पुढे काच असलेली, आखूड नळीची आरशांची दुर्बीण) बार्लोशिवायच पुरते.

एका पिक्सेलमध्ये किती आकाश मावतं ते असं काढा: २०६ गुणिले पिक्सेल, भागिले फोकल लेंग्थ. आपल्या जोडणीत २०६ × २.९ ÷ २४००, म्हणजे पाव आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). प्रतियुतीच्या (ग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या) वेळचा ४६ आर्कसेकंदांचा गुरू पडद्यावर सुमारे १८५ पिक्सेल रुंद दिसेल. पुष्कळांना तो लहान वाटतो आणि ते तिप्पट-पाचपट बार्लो लावतात. तसं केल्याने चित्र मोठं होतं, तपशील तेवढेच राहतात. उलट एफ/१२ वरून एफ/१८ वर गेलात की प्रत्येक पिक्सेलवरचा प्रकाश सव्वादोन पटीने घटतो आणि एक्स्पोजर तेवढं लांबवावं लागतं. दमट किनारी हवेत हा सौदा तोट्याचा आहे.

फोकस

सहनशीलता आधी समजून घ्या. एफ/६ च्या नळीत फोकसचा चालणारा पट्टा सुमारे ०.१ मिमी रुंद असतो. बार्लोमुळे तो रुंदावेल असं वाटतं, पण बार्लो आणि कॅमेरा दोन्ही फोकसरमध्ये एकत्र सरकतात, म्हणून हिशेब एफ/६ चाच धरायचा. फोकसरची मोठी गुंडी एका फेऱ्यात साधारण दोन सेंटीमीटर सरकत असेल, तर ०.१ मिमी म्हणजे दोन अंशांहून कमी वळण. दीड सेंटीमीटर त्रिज्येच्या गुंडीवर बोटाची हालचाल अर्धा मिलिमीटर, तीही अंधारात. त्यासाठी दहास एक गतीची बारीक गुंडी असलेला फोकसर हवा. नसेल तर कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा गुंडीला आडवा लावा, टोक मध्यापासून सातआठ सेंटीमीटर दूर येईल असा. आता तेच दोन अंश चिमट्याच्या टोकाला अडीच मिलिमीटरच्या वर जातात. बोटाला तेवढं कळतं, आणि गुंडीला धरून नळी हलवायची सवयही सुटते.

क्रम असा:

१. बार्लो, फिल्टर, कॅमेरा सगळं जागेवर बसवून ग्रहाजवळच्या ठळक ताऱ्यावर या. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही मघेच्या आसपास असतील, तेव्हा मघाच घ्या. नळीच्या तोंडावर बाहतिनोव्ह मास्क (फटींचं झाकण, ताऱ्यावर तीन रेघा उमटवणारं) लावा आणि मधली रेघ दोन तिरप्या रेघांच्या बरोबर मधोमध येईपर्यंत गुंडी फिरवा.

२. मास्क काढा. हास्यास्पद वाटेल, पण तो विसरून ग्रहावर जाणारे कमी नाहीत. गुरूभोवती फिकट जुळी बिंबं दिसली आणि उजेड निम्म्यावर आला, तर तोंडाकडे एकदा बघा.

३. ग्रहावर या. गुरू असेल तर आधी त्याच्या एखाद्या चंद्रावर फोकस तपासा: गेन (कॅमेऱ्यातली उजेडाची वाढ) वाढवा, गुरू पांढराफट्ट होऊ द्या, चंद्र लहानात लहान आणि गोल दिसेल तिथे थांबा.

४. गुंडीशेजारी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. फोकसच्या एका बाजूला चंद्र जेमतेम फुगायला लागेल तिथे पेन्सिलची खूण, दुसऱ्या बाजूला तेवढाच फुगेल तिथे दुसरी. खरा फोकस दोन खुणांच्या मधोमध. डोळा एका बाजूने नेहमी फसतो, दोन्ही बाजूंनी आलात की फसणूक कटते.

५. फोकसरचा स्क्रू आवळा आणि पुन्हा बघा. स्वस्त फोकसरमध्ये स्क्रू आवळताना नळी किंचित सरकते. तेवढ्याने ०.१ मिमी निघून जातो.

प्रत्येक वेळी हात काढल्यावर चार-पाच सेकंद थांबा, नळीची थरथर थांबल्याशिवाय निर्णय नको. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये गुंडी मुख्य आरसाच हलवते आणि तो किंचित कलतो. म्हणून शेवटचं वळण नेहमी घड्याळाच्या उलट दिशेने, आरसा वर ढकलला जाईल असं. पुढे गेलात तर बरंच मागे येऊन पुन्हा त्याच दिशेने या.

बाहतिनोव्ह मास्क ग्रहावर उपयोगाचा नाही, त्याला बिंदू लागतो. ताऱ्यावर किंवा गुरूच्या चंद्रावर आणखी एक पक्की कसोटी आहे: हिस्टोग्राममधली (पिक्सेलच्या उजेडाच्या आलेखातली) कमाल पातळी. प्रकाश सगळ्यात कमी पिक्सेलमध्ये गोळा होतो तेव्हा ती सगळ्यात वर जाते. तारा करपू नये एवढं एक्स्पोजर कमी करा, गुंडी सावकाश फिरवा आणि आकडा वर-खाली होताना वाचा. गुरूच्या थाळीवर ही युक्ती चालत नाही, कारण पसरलेल्या थाळीची कमाल पातळी फोकस थोडा सुटला तरी फारशी हलत नाही. शनीवर कॅसिनी विभाजन (कड्यांमधली काळी फट) आणि कड्यांची टोकं बघा. मंगळावर ध्रुवाची पांढरी टोपी, नसेल दिसत तर सिर्टिस मेजर या काळ्या डागाची कड. शुक्रावर चंद्रकोरीची शिंगं. पडद्यावर चित्र दीडशे-दोनशे टक्के मोठं करा. फोकस करण्यापुरता गॅमा बदलून पट्टे गडद करायला हरकत नाही, रेकॉर्डिंगआधी तो जागेवर आणा.

एकदा बसवलेला फोकस रात्रभर टिकत नाही. अॅल्युमिनियमची १२०० मिमी लांबीची नळी दर अंशाला ०.०२८ मिमी आखडते. आठ वाजल्यापासून दोन वाजेपर्यंत पारा चार अंश उतरला तर सगळा पट्टा संपला. दर अर्ध्या तासाने फोकस नव्याने तपासा, आणि प्रत्येक दोन-तीन व्हिडिओंनंतर मुद्दाम थोडं हलवून परत बसवा. एका फोकसवर पंधरा व्हिडिओ घेतले आणि तो चुकला असेल तर पंधराही गेले.

हवा, दंव की फोकस?

दहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. हवा वाईट असते तेव्हा बहुतेक फ्रेम वाकड्यातिकड्या असतात, पण मधूनच एखादी लख्ख निघते: गुरूची कड धारदार, पट्ट्यांचे किनारे वेगळे. अशा चार-पाच फ्रेम सापडल्या तर फोकस बरोबर आहे, गुंडीला हात लावू नका. हजारभर फ्रेममध्ये एकही लख्ख नसेल आणि सगळ्या सारख्याच मऊ असतील, तर दोष हवेबाहेर आहे. सबंध लकी इमेजिंगची (हजारो फ्रेममधून चांगल्या तेवढ्या निवडून जोडायच्या रीतीची) भिस्त या मधूनच येणाऱ्या फ्रेमवर असते, म्हणून हीच कसोटी सर्वांत विश्वासाची.

मग तारा थोडा फोकसबाहेर काढा. कडी एकात एक, समकेंद्री दिसायला हवीत. सावलीचा ठिपका एका बाजूला झुकला असेल तर कोलिमेशन. घाटरस्त्याने गाडीतून आलेल्या न्यूटोनियनचं कोलिमेशन दर वेळी तपासावं लागतं, आणि ते बिघडलेलं असताना फोकसची नेमकी जागा सापडतच नाही, नुसता एक लांबट मऊ पट्टा जाणवतो. कड्यांमधून तापलेल्या तव्यावरच्या हवेसारखा एक लोट सावकाश सरकत असेल तर आरसा अजून गरम आहे. त्याच्या मागे संगणकातला १२ व्होल्टचा पंखा मंद वेगाने लावा आणि थांबा.

दंव मात्र चोरपावलांनी येतं. किनाऱ्यावर रात्री आर्द्रता सहज ८० टक्क्यांपलीकडे जाते. न्यूटोनियनमध्ये मुख्य आरसा नळीच्या तळाशी सुरक्षित असतो, आधी धरतो तो दुय्यम आरसा. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये पुढची काच. दंवाची खूण हिस्टोग्राममध्ये सापडते: एक्स्पोजर आणि गेन तेच असताना गुरू पाव तासात ६५ टक्क्यांवरून ५० वर उतरला, तर ते दंव नाहीतर पातळ ढग. फोकस नव्हे. ग्रहाभोवती फिकट प्रभामंडळ दिसलं तर खात्रीच. नळीत बाजूने टॉर्च मारून आरसा बघा. पुसू नका, दंवात मीठ असतं आणि कापडाने ते आरशावर घासलं जातं. हेअर ड्रायर सगळ्यात कमी उष्णतेवर, हातभर अंतरावरून, थोडा वेळ. मग पाच-दहा मिनिटं हवा निवू द्या. आधीच टाळायचं असेल तर योगा मॅटचा तुकडा गुंडाळून नळीच्या तोंडापुढे व्यासाच्या दीडपट, म्हणजे फूटभर नळकांडं काढा. दुय्यम आरशाच्या पाठीला दोन-तीन वॉटची हीटरपट्टी लावली की बहुतेक रात्री निभतात.

उंचीचा दोष रंगांवरून कळतो. ग्रहाची आकाशाकडची कड निळी आणि क्षितिजाकडची तांबडी दिसली तर ते वातावरणाने फाकवलेले रंग आहेत. ४५ अंशांच्या खाली हा फाकलेपणा एका आर्कसेकंदाहून जास्त होतो, म्हणजे आपल्या जोडणीत चार पिक्सेलच्या पुढे. अशा वेळी डिस्पर्शन करेक्टर (फाकलेले रंग जुळवणारं साधन) लावा किंवा ग्रह वर येईपर्यंत थांबा. कोकणाच्या अक्षांशावर थांबणं सहसा परवडतं. रत्नागिरी १७ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे गुरू मिथुनेत होता त्या हंगामात तो इथे अगदी डोक्यावरून गेला. फेब्रुवारी २०२७ मध्येही गुरू-मंगळ मध्यरात्री जवळजवळ खस्वस्तिकाशी (थेट डोक्यावरच्या बिंदूशी) असतील. डॉब्सोनियनला तिथे वळवणं कठीण जातं. ग्रह ६५-७० अंशांवर असताना, म्हणजे माथ्यावर येण्याआधी किंवा नंतर दीड-दोन तासांनी टिपा. हवेच्या दृष्टीने काहीच बिघडत नाही.

एक्स्पोजर

आधी सगळं ऑटो बंद: ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन, ऑटो व्हाइट बॅलन्स. गॅमा तटस्थ जागेवर. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फायरकॅप्चर किंवा शार्पकॅप, कोणतंही चालेल. फाइल एसईआर (कच्च्या फ्रेमचा व्हिडिओ), रॉ ८ बिट, डिबेअर (कच्च्या फ्रेमचे रंग बनवणं) फक्त पडद्यापुरता. रंगीत कॅमेऱ्यापुढे यूव्ही-आयआर कट फिल्टर असलाच पाहिजे. सेन्सरला अवरक्त प्रकाश भरपूर दिसतो, आणि बार्लोची काच तो दृश्य प्रकाशाच्या जागी फोकस करत नाही. फिल्टर नसेल तर धूसरपणाचं हे सहावं कारण घरचंच.

एक्स्पोजर ग्रहाच्या तेजावरून ठरवायचं असं पुष्कळांना वाटतं. खरं तर ते आधी हवेवरून ठरतं. हवेचा नकाशा काही मिलिसेकंदांत बदलतो. त्याहून लांब एक्स्पोजर दिलं तर दोन-तीन वेगवेगळ्या विकृती एकाच फ्रेममध्ये मिसळतात आणि लख्ख फ्रेम निघतच नाहीत. म्हणून गुरूला आधी ८ मिलिसेकंद ठरवा. मग गेन वाढवत हिस्टोग्राम ६० ते ६५ टक्क्यांवर आणा. झेडडब्ल्यूओच्या कॅमेऱ्यात गेनचे ६० एकक म्हणजे उजेड दुप्पट, तेव्हा एक्स्पोजर निम्मं केलंत तर गेन ६० ने वाढवा, पातळी तिथेच राहील. फ्रेममध्ये गोंगाट दिसेल. दिसू दे. स्टॅक केल्यावर (फ्रेम एकावर एक रचून सरासरी काढल्यावर) गोंगाट फ्रेमच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो: १०० फ्रेमला दहावा हिस्सा, २५०० फ्रेमला पन्नासावा. एक्स्पोजर लांबवल्यामुळे विरघळलेला तपशील मात्र कितीही फ्रेम जोडल्या तरी परत येत नाही.

हवा अगदी शांत असेल तर १०-१२ मिलिसेकंदांपर्यंत जा, गेन उतरेल आणि फ्रेम स्वच्छ होतील. मतलई जोरात असेल तर ५ वर या.

९० टक्क्यांपर्यंत का भरायचं नाही? हवा क्षणभर स्थिर होते त्याच क्षणी प्रकाश गोळा होऊन पातळी उसळते, म्हणजे सगळ्यात चांगल्या फ्रेमच करपतात. शिवाय एकूण हिस्टोग्राम ७० दाखवत असताना एखादा रंग वेगळाच १०० ला टेकलेला असू शकतो. तिन्ही रंगांचे आलेख वेगळे करून बघा. एखादा तापलेला पिक्सेलही कमाल आकडा खोटा वाढवतो, म्हणून आकड्याबरोबर आलेखाचा आकार बघा. कमी पडलं तर ४० टक्क्यांवरही काम भागतं, फ्रेम जास्त असल्या की झालं. करपलेलं परत येत नाही. दुसऱ्या टोकालाही लक्ष द्या: ऑफसेट (काळ्याची पायापातळी) इतका ठेवा की आकाशाच्या काळ्याचा पाय शून्याला चिकटून कापला जाणार नाही. तो कापला गेला की गुरूच्या अंधुक कडा कात्रीने छाटल्यासारख्या येतात.

८ मिलिसेकंदांना सेकंदाला १२५ फ्रेम मिळायला हव्यात. पडद्यावर ४० दिसत असतील तर दोष कॅमेऱ्यात नाही. केबल यूएसबी २ च्या खाचेत असेल, फ्रेम पूर्ण आकाराची ठेवली असेल, लॅपटॉप बॅटरी बचतीवर गेला असेल, नाहीतर फाइल पेन ड्राइव्हवर लिहिली जात असेल. ६४० × ४८० चा चौकोन घ्या, एसएसडीवर लिहा. ९० सेकंदांत ११,२५० फ्रेम, फाइल साडेतीन जीबीच्या आसपास. रात्रीत वीस व्हिडिओ म्हणजे ७० जीबी, तेवढी जागा आधी करून ठेवा.

व्हिडिओ किती लांब चालेल हे ग्रहाच्या फिरण्यावर ठरतं. गुरू दहा तासांच्या आत एक फेरा घेतो. थाळीच्या मध्यावरचा तपशील सेकंदाला सुमारे ०.००४ आर्कसेकंद सरकतो, दोन मिनिटांत जवळजवळ अर्धा आर्कसेकंद. ८ इंची दुर्बिणीची मर्यादा ०.५७ आर्कसेकंद. तेव्हा गुरूला ९० सेकंद ते दोन मिनिटं. त्यापुढे जायचं तर विनज्युपोस या सॉफ्टवेअरमध्ये फिरणं सरळ करून अनेक व्हिडिओ जोडावे लागतात. शनी आणि मंगळाला चार-पाच मिनिटं बिनधोक.

इतर ग्रह थोडक्यात. शनी गुरूपेक्षा बराच मंद, त्याला १५ ते २५ मिलिसेकंद आणि हिस्टोग्राम ५० टक्के. पातळी बी कड्यावरून (सगळ्यात उजळ कड्यावरून) ठरवा, गोलावरून नको, कारण करपतं ते कडं. प्रतियुतीच्या आगेमागे कडी आणखी उजळतात (२०२६ मध्ये प्रतियुती ४ ऑक्टोबरला, पाऊस उघडीप देईल तर), तेव्हा रोजचीच सेटिंग डोळे मिटून लावू नका. मंगळाला २ ते ४ मिलिसेकंद. लाल रंगाचा आलेख आणि ध्रुवाची टोपी दोन्ही तपासा. १९ फेब्रुवारी २०२७ च्या प्रतियुतीला तो १४ आर्कसेकंदांपेक्षाही लहान असेल, त्यामुळे फोकसला माफी नाही. शुक्राला गेन तळाशी आणि एक्स्पोजर १ मिलिसेकंदाच्या आत. तो संध्याकाळी समुद्रावर उतरताना नको, सूर्यास्ताच्या आधीच उंच असताना टिपा. मात्र दुर्बीण घराच्या सावलीत ठेवा आणि नळी सूर्याकडे चुकूनही वळणार नाही याची खबरदारी घ्या.

गुरूच्या चंद्रांसाठी एक्स्पोजर वाढवायचं नाही. ते हवे असतील तर गेन चढवून वेगळा छोटा व्हिडिओ घ्या आणि नंतर जोडा.

ट्रॅकिंग नसेल तर

डॉब्सोनियनवाल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. आकाश सेकंदाला फार तर १५ आर्कसेकंद सरकतं. ८ मिलिसेकंदांत ०.१२ आर्कसेकंद, म्हणजे अर्धा पिक्सेल. गुरू, मंगळ, शुक्र यांना काही फरक पडत नाही. शनीला २० मिलिसेकंद दिलेत तर सव्वा पिक्सेल फाकतो, तिथे १२ वर थांबून गेन वाढवा. फ्रेमची रुंदी पूर्ण १९३६ ठेवा आणि उंची ४००. कॅमेरा असा फिरवा की ग्रह आडवा सरळ सरकेल. एका टोकाकडून दुसरीकडे जायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास मिळतं. असे चार तुकडे दोन मिनिटांत घ्या, पिप या सॉफ्टवेअरमध्ये ग्रह मध्यावर आणून एकत्र करा.

विषुववृत्तीय माउंट असेल तर कोकणात ध्रुवतारा जेमतेम १६ ते २० अंशांवर, बहुधा माडांच्या झावळ्यांआड. ग्रहांसाठी तेवढ्या नेमकेपणाची गरज नसते. होकायंत्राने उत्तर धरा, इथे चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेत एका अंशाहूनही कमी फरक आहे. अक्षांशाच्या पट्टीवर आपल्या गावाचा आकडा लावा. ग्रह चौकोनात दोन मिनिटं राहिला की पुरे. इतक्या कमी अक्षांशावर काही माउंटचं वजन ट्रायपॉडच्या पायाला अडतं, म्हणून उत्तरेकडे एकच पाय ठेवून आधी उजेडात सगळीकडे फिरवून बघा.

मोबाइलने

१० मिमीची आयपीस, पक्का अडॅप्टर आणि प्रो मोड. आयएसओ १०० ते ४००, शटर गुरूला १/६० ते १/१२५, फोकस हाताने अनंतावर लॉक, आणि मग खरा फोकस दुर्बिणीच्या गुंडीने. प्रो मोड नसेल तर ग्रहावर बोट दाबून धरा, लॉक होईल, मग उजेडाची पट्टी खाली ओढा, पट्टे दिसेपर्यंत. असं न करता घेतलेल्या फोटोत गुरू हा पांढरा गोळा असतो. फोटोऐवजी सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ घ्या, तो पिपमधून पुढे ऑटोस्टॅकर्ट या स्टॅक करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जातो.

स्टॅक वाचायचा कसा

ऑटोस्टॅकर्टमध्ये एकाच व्हिडिओचे दोन स्टॅक काढा: सर्वोत्तम १० टक्के फ्रेमचा आणि ५० टक्के फ्रेमचा. १० टक्क्यांचा स्पष्टपणे जास्त धारदार असेल तर फोकस जमला होता आणि हवा चंचल होती. पुढच्या वेळी एक्स्पोजर आणखी कमी, फ्रेम आणखी जास्त. दोन्ही सारखेच मऊ असतील तर फोकस, कोलिमेशन किंवा दंव. त्या रात्रीचे बाकीचे व्हिडिओ त्याच फोकसवर घेतलेले असतील तर त्यांवर वेव्हलेट (धार चढवायची प्रक्रिया) फिरवत बसण्यात अर्थ नाही. धार चढवल्यावर कडेला दुहेरी रेघ आली तर ती बहुधा जास्त ओढलेल्या वेव्हलेटची असते, पण एकाच बाजूला आली तर कोलिमेशनकडे जा. आणि चौकटीत ग्रहाबरोबर न सरकणारा गोल डाग दिसला तर ती सेन्सरच्या काचेवरची धूळ किंवा सुकलेला खारट थेंब. तो आधी ब्लोअरने, न गेल्यास सेन्सर साफ करायच्या पट्टीने दिवसाउजेडी काढायचा.